उजवा रकाना

"मले मासोळी नाही पायजे. मासोळीखालचं पाणी पायजे."

असं मागणं करणारा माणूस मला आयुष्यात एकदाच भेटला, अमरावतीत, एका हॉटेलच्या मागच्या दाराशी. मी तिथे आचारी होतो. अमरावतीची माणसं आता कोकणी मासे खायला लागलीत असं हॉटेलमालकाला कुणीतरी पटवलं होतं, म्हणून त्याने देवगडकडचा एक माणूस शोधून आणला. तो मी. आठवीत शाळा सुटलेली, बोटांना कायम आमसुलाचा वास, आणि घर इतकं लांब की तिथला मासासुद्धा इथवर यायचा तर वाटेत बर्फ बदलून घ्यायचा. मासे रेल्वेने यायचे, थर्माकोलच्या पेट्यांतून. त्या पेट्या मी सकाळी उघडत होतो, आणि हे गृहस्थ सायकल भिंतीला टेकवून दारात उभे होते. पांढरा सदरा, नाकावर कापराचा वास दिलेला रुमाल, काखेत घरून आणलेली परात आणि खिशातून डोकावणारं भिंग.

मी घाबरलो. मला वाटलं, तपासणीला आले.

"पाणी कशाला साहेब?"

"काहून इचारतं? फेकूनच देतं ना तू?"

वऱ्हाडी बोलणं तेव्हा मला भांडणासारखं ऐकू यायचं. ते रागावलेले नव्हते हे पुढे कळलं. रागावले की ते गप्प बसत. मी वितळलेल्या बर्फाचं पाणी परातीत ओतलं आणि ते मोरीजवळ उकिडवे बसले. चिमट्याने त्यातून एकेक काहीतरी वेचून परातीच्या काठावर मांडू लागले. नखाएवढा खेकडा, शेवाळाचा धागा, मोहरीएवढा शंख. मी जन्मापासून मासे धुतोय, पण त्या पाण्यात इतकी माणसं राहतात हे मला माहीत नव्हतं. माणसं म्हणजे जीव. या गृहस्थांच्या संगतीने मलाही तसं म्हणायची सवय लागली.

सगळं भिंगाखालून पाहून झाल्यावर त्यांनी सुस्कारा टाकला. "सारे मेलेले. मेल्यावर सारे सारखेच दिसते, बाबू. फरक जित्यात असते."

परात धुऊन घेतली, मला नमस्कार केला आणि सायकलवर टांग टाकून निघून गेले. दुसऱ्या दिवशी परत हजर.

ते जीवशास्त्राचे निवृत्त शिक्षक होते. सगळे त्यांना सर म्हणत, मीही सरच म्हणणार. घर अमरावतीला, नोकरी सारी अकोल्याच्या एका शाळेत. आणि त्यांना गाडी लागायची. बस, जीप, रेल्वे, ऑटोसुद्धा. बसायचा अवकाश, पोट ढवळून यायचं. त्यामुळे अकोला ते अमरावती हे अंतर त्यांनी उभ्या आयुष्यात सायकलनेच कापलं. शनिवारी शाळा सुटली की निघायचे, मूर्तिजापूरला ओळखीच्या घरी पाठ टेकायचे, रविवारी सकाळी घरी. जेवण व्हायचं, कुंपण पाहून व्हायचं, की परत सायकल अकोल्याकडे. कुंपण पाहायला एवढी रपेट कोण करतं, असं कुणी म्हणालं की ते म्हणत, "कुंपण नाही. कुंपणावर पाव्हणी हाये."

याच कारणाने त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. आयुष्यभर त्यांनी समुद्रातले जीव शिकवले, फॉर्मलीनच्या बाटल्या उन्हात धरून शिकवले. शाळेची सहल कोकणात निघाली की कुठल्या खडकाखाली काय बघायचं ते पोरांना पाठ करून घ्यायचे, बसला हात हलवायचे, आणि पोरं परत आली की एकेकाला पकडून विचारायचे, "कसा होता?" पोरं सांगायची, मस्त होता सर. "मस्त म्हंजे काय लेका? फरक सांग. आपल्या तलावात न् त्याच्यात फरक काय?"

फरक सांग. हे त्यांचं कायमचं बोलणं. परीक्षेत 'फरक स्पष्ट करा' म्हणून प्रश्न असतो, पानाच्या मधोमध रेघ ओढायची, डावीकडे एक, उजवीकडे दुसरा. मी शाळेत असताना हा प्रश्न मला लागायचा तो सोडून द्यायला. सरांनी मात्र सगळं जगच मधोमध रेघ ओढून ठेवलेलं. भाजीवालीला विचारायचे, गिलकं न् दोडकं, फरक सांग. न्हाव्याला विचारायचे, उजव्या गालाची दाढी न् डाव्या गालाची, फरक सांग. आणि न्हावीही वस्तरा हवेत धरून विचार करायचा.

मला त्यांनी खोली दिली ती याच प्रश्नावर. मी हॉटेलच्या कोठीघरात कांद्याच्या पोत्यांशेजारी झोपतो हे त्यांना कळलं तेव्हा ते मला घरी घेऊन गेले. घरात ते आणि त्यांची मोठी बहीण, दोघंच. बहिणीला सगळे जिजी म्हणत. जिजीने ताकाची गरम कढी वाढली. मी वाटी तोंडाला लावली न लावली तोच सर म्हणाले, "तुमची ते लाल कढी न् हे. फरक सांग."

शाळा सोडल्यावर कुणी मला प्रश्न विचारलाच नव्हता. मी म्हणालो, "सर, आमची सोलकढी जेवलेलं खाली उतरवते. ही कढी... जेवायला बसवते."

जिजी पदर तोंडाला लावून हसली. सर म्हणाले, "बराबर. उद्यापासून वरच्या खोलीत राहाजो."

"आधी इचारा त्याले," जिजी म्हणाली, "वरत मासोळी रांधीन काय."

"नाही जिजी."

"अन् आल्यावर आंगणातल्या नळाखाली आंघोळ. मंगच जिन्यावर पाय."

"हो जिजी."

अशी माझी मुलाखत झाली.

त्यांच्या ओसरीवर भिंतीत बसवलेला एक फळा होता, शाळेतल्यासारखा. मधोमध उभी रेघ. डाव्या रकान्यावर लिहिलेलं, अमरवेल. उजव्यावर, हिरवी समुद्री गोगलगाय. डावा रकाना वरपासून खालपर्यंत भरलेला. पाने नाहीत. झाड धरल्यावर मूळ सुटते. रंग हळदीचा. फूल पांढरे, लहान, घंटेसारखे, वास मंद, सकाळी जास्त. उजवा रकाना पार रिकामा. दर दिवाळीला सर फळ्याला काळा रंग द्यायचे, डावा रकाना नव्याने लिहायचे, उजव्याचं फक्त नाव लिहायचे आणि खडू ठेवून द्यायचे.

"पुस्तकात तर असेल ना सर?" मी एकदा म्हणालो.

"पुस्तकात लय हाये. म्या पाह्यलं नाही. पाह्यलं नाही ते लिवायचं नाही."

कुंपणावरची पाहुणी म्हणजे ही अमरवेल. मेंदीच्या हिरव्या कुंपणावर पिवळे दोरे टाकल्यासारखी पसरलेली. लोक अमरवेल दिसली की ओरबाडून जाळतात. ज्या झाडावर चढेल त्याचा रस पिऊन त्याला वाळवते म्हणून. सरांनी ती सांभाळली होती. शेजारचे काका फाटकाशी येऊन म्हणायचे, "सर, काढून टाका ना ते भुताचे केस. माह्या बोगनवेलीकडे हात लांबवून राहिली."

"चढली काय?"

"चढली नाही अजून."

"चढली की सांगा. मी बोगनवेलीची माफी मागायले येतो."

आणि खरोखर, मेंदीला ते दुप्पट पाणी घालायचे. म्हणायचे, घरात पाव्हणा असला की यजमानाले जास्त लागते. संध्याकाळी झारी घेऊन कुंपणाच्या कडेने चालताना ते मेंदीशी काही बोलत. मी कान देऊन ऐकलं एकदा. "आजचा दिवस चालवून घे, बाई," असं म्हणत होते.

गोगलगाईची गोष्ट त्यांनी मला कुंपणाशीच सांगितली. समुद्रात म्हणे एक गोगलगाय असते, शंख नसलेली, पानासारखी. ती शेवाळाचा रस पिते, पण त्यातला हिरवा रंग पचवत नाही, अंगात जपून ठेवते. मग उन्हात पसरून बसते आणि झाडासारखं उन्हातून आपलं अन्न करते.

"आता पाह्य," सर म्हणाले, "हे अमरवेल. जातीनं झाड. फुलं येते तिले. पण हिरवं काम सोडून देल्लं अन् दुसऱ्याच्या घरी जेवाले बसली. अन् ते गोगलगाय. जातीनं जनावर. तिचा हिरव्याशी संबंधच नाही. तिनं चोरलं. पण चोरलेल्याची चूल मांडली." मग अमरवेलीचा एक दोरा बोटावर घेऊन म्हणाले, "हे दोघी कधी भेटल्या तर काय बोलतीन?"

मला त्या रात्री स्वप्न पडलं की आमच्या आईच्या पाटीत, खडकांवरून फोडून आणलेल्या कालवांबरोबर, अमरवेलीची फुलं आहेत आणि आई ती न मोजता सगळ्यांना वाटते आहे. त्या घरात राहायला लागल्यापासून मला अशीच स्वप्नं पडत.

मग हॉटेल बंद पडलं. अमरावतीची माणसं एकदा हौसेने आली, दुसऱ्यांदा काट्यांना कंटाळून आली, तिसऱ्यांदा आली नाहीत. मालकाने पाटी बदलून तिथे तर्री-पोहे सुरू केले आणि मला हात जोडले. मी वरच्या खोलीत बसलो. सकाळ-संध्याकाळ जिजी खालून हाक मारायची, "कोकण्या, ताट वाढलं." मी खाली जायचो आणि घास तोंडात फिरायचा. समोर ओसरीतून कुंपण दिसायचं, मेंदीवर पसरलेले पिवळे दोरे दिसायचे.

मला आधीपासून काळजी करायची सवय. कुणी चांगलं वागलं की जास्त काळजी. मी पहाटे उठून आंगण झाडायचो, पाणी भरायचो, जिजीच्या आधी भांडी घासायचो, सरांची सायकल पुसायचो. पुसलेली परत पुसायचो. एक दिवस सरांनी माझ्या हातून फडकं काढून घेतलं.

"काहून राबून राहिला बे?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, मी कुठल्या रकान्यातला?"

त्यांनी फळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. उत्तर चटकन देतील असं मला वाटलं होतं. दोन्हीपैकी कुठलंही चाललं असतं, निदान कळलं असतं, सामान बांधायचं की नाही. पण ते म्हणाले, "पाह्यलं नाही ते लिवत नाही मी," आणि फडकं दोरीवर वाळत टाकून आत गेले.

आज त्यांच्याच फाटकाबाहेर माझी हातगाडी असते. सकाळी घावणे, सोबत जिजीकडून शिकलेला झुणका. कोकणात कुणी घावण्याबरोबर झुणका खाणार नाही आणि वऱ्हाडात झुणक्याबरोबर घावणे, पण गाडीभोवती पोरं उभी असतात. सरांचं शेवटचं दुखणं आलं तेव्हा ते ऑटोत बसायला तयार होईनात. "तिथं मरीन तर मरीन, वाटेत वकून मरनार नाही." मी गाडीवरची शेगडी उतरवली, गादी टाकली आणि त्यांना झोपवून दवाखान्यापर्यंत ढकलत नेलं. रस्ताभर ते आडवे होऊन झाडांच्या फांद्या बघत होते, लहान मूल बघतं तसे. मधेच म्हणाले, "हे नाही लागून राहिली मले. हे आधी काहून नाही सुचलं?" दवाखान्याच्या दारात मला म्हणाले, जरा अजून एक चक्कर मार. मी मारली. माझ्या मनात अजून ती चक्कर चालू आहे.

पण गोगलगाईचं सांगायचं राहिलं.

हॉटेल बंद पडलं त्याच वर्षी शिमग्याला मी घरी निघालो. तेव्हा गाडीबिडी काही नव्हती, मी नुसताच जेवत होतो. सर जिन्याखाली वाट अडवून उभे. हातात जिजीची लोणच्याची बरणी, काचेची, रुंद तोंडाची, रिकामी.

"दिसली तर आणजो," ते म्हणाले. "नाही दिसली तर नको आणू. मेलेली तर आणूच नको."

जिजी आतून म्हणाली, "माही लोणच्याची बरणी हाये ते. त्याच्यात मासोळीची बहीण आणता काय तुमी?"

"शाकाहारी हाये ते. शेवाळ खाते."

"मंग ठीक," जिजी म्हणाली. तिचं तिथेच मिटायचं.

शिमग्याच्या पुनवेला समुद्र लांब मागे जातो आणि एरवी न दिसणारे खडक उघडे पडतात. आई कालवं फोडायला गेली, मी मागोमाग गेलो. ती एका खडकावर बसून लोखंडी टोकीने टकटक करत होती आणि मी खळग्यांमधून ओणवा होऊन शेवाळ बाजूला सारत होतो. लहानपणी याच खडकांवर मी वाढलो, पण तेव्हा मी फक्त खायचं तेवढंच बघत होतो. किती वेळ गेला कोण जाणे. पाणी कोमट, वर ऊन, कानात आईची टकटक. शेवाळावर एक पान पडलेलं दिसलं. समुद्रात पान कुठून आलं म्हणून मी बोट लावलं, तर पानाने कडा मिटून घेतल्या.

"आये, ह्या पान बघ."

आईने मान वर न करता सांगितलं, "ता पान नाय. चलता ता."

"तुका माहीत होता? नाव काय तेचा?"

"खावचा नाय तेका नाव कित्याक व्हया?"

बरणीत मी तिच्या खळग्यातलंच पाणी भरलं, तिचंच शेवाळ घातलं. प्रवासाचं मात्र चुकणार होतं. समुद्रातला कुठलाही जीव लांब न्यायचा तर बर्फात आणि अंधारात न्यायचा, एवढंच माझ्या हाताला माहीत. मुंबईला गाडी बदलताना मी बर्फ मागायला उभाही राहिलो होतो. मग आठवलं की ही जेवते ऊन. तिला अंधारात ठेवली तर उपाशी नेल्यासारखं होईल.

म्हणून बरणी मांडीवरच धरली. सकाळी अकोला मागे पडलं आणि खिडकीतून ऊन आलं. मूर्तिजापूरच्या आसपास काळी शेतं दोन्हीकडून सरकत होती, पीक निघालेली, उघडी. डब्यात लोकांनी शिदोऱ्या सोडल्या होत्या. समोरच्या म्हातारबुवांनी विचारलं, "काय हाये हो त्याच्यात? औषधाची वनस्पती काय?"

"गोगलगाय आहे."

"बरं. अन् खाते काय ते?"

"ऊन."

त्यांनी घास हातातच ठेवला. मग बरणीत वाकून पाहिलं. तेवढ्यात तिने कडा उलगडल्या, हळू, मुठीतला रुमाल सोडावा तशा, आणि आतला हिरवा रंग उघडा पडला, पानासारख्या शिरा असलेला. म्हातारबुवा खिडकीकडून बाजूला सरकले. "माही सावली पडून राहिली तिच्यावर," म्हणाले. "जेवू द्या बाप्पा तिले." बडनेऱ्यापर्यंत आम्ही सगळे जेवलो, आणि तीही जेवली.

घरी पोचलो तर ओसरीवर समुद्र तयार होता.

सरांचं मूळ गाव दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. तिथे विहिरींना खारं पाणी लागतं, कपडा धुवायला नको आणि डाळ शिजायला नको असं. सरांचं लहानपणापासून ठाम मत होतं की दर्या एके काळी तिथेच होता, निघून गेला आणि जाताना पाणी विसरला. आपण समुद्र पाहिला नसला तरी समुद्र पिऊन वाढलो, असं ते म्हणायचे. तर मी तिला घेऊन येतोय असा निरोप मिळाल्यावर ते भर उन्हात सायकल घेऊन गावी गेले आणि दोन्ही बाजूंना कॅन बांधून त्या विहिरीचं पाणी घेऊन आले. शाळेतून मिळालेली जुनी काचेची पेटी घासून त्यात ते भरलं होतं. तळाला वाळू. शेजारी कुंडीत अमरवेलीची एक फांदी, मेंदीच्या रोपावर चढवून, गोगलगाईला भेटायला.

बरणी पाहिल्यावर ते ओसरीवर उकिडवे बसले. भिंग काढलं, पण डोळ्याला लावलं नाही. उन्हाने त्यांची मान काळीठिक्कर पडली होती. मग म्हणाले, "सोड तिले तिच्या घरात."

मी बरणी उचलली. आणि सवयीने, मीठ पाहिल्याशिवाय आचारी पातेलं पुढे सरकवत नाही त्या सवयीने, पेटीतल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. खारट होतं. पण खारटाच्या मागून एक साबणासारखा कडवटपणा आला आणि जिभेवर बसून राहिला.

ज्या घरात झोपलो त्या घरातल्या माणसाला मी तोवर कधी नाही म्हटलं नव्हतं. त्या माणसाने या वयात हे पाणी सायकलवरून ओढून आणलं होतं. मी त्याचं खात होतो आणि काही देत नव्हतो. मी बरणी पोटाशी ओढली, आतलं पाणी हललं, तिने अंग मिटून घेतलं.

"काय झालं?" सर म्हणाले.

"सर..." मी म्हणालो, "फरक आहे."

"काय म्हणला?"

"हे खारं आहे, सर. पण समुद्राचं नाही. मला नक्की सांगता येणार नाही. पण यात सोडायला नको."

जिजी गहू निवडत होती, तिचा हात सुपात थांबला. सर गप्प बसले. ते गप्प बसले की काय असतं हे मला आता माहीत होतं. ते उठले, पेटीत बोट बुडवून चाखलं. मग माझ्याजवळ आले, बरणीच्या तोंडावरचं फडकं त्यांनी स्वतः सोडलं, तिला धक्का लागणार नाही असं कडेने बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं.

त्यांनी डोळे मिटले. ओसरीवर ऊन होतं, दूर कुठेतरी कुल्फीवाल्याची घंटा वाजत होती. ज्या समुद्राबद्दल त्यांनी जन्मभर शिकवलं तो आता त्यांच्या तोंडात होता, थेंबभर. ते गिळेचनात.

"असा असते काय," ते म्हणाले. मला विचारत नव्हते. पुन्हा बोट बुडवलं.

"मलेही पाहू द्या," जिजी म्हणाली. तिने दोन्ही पाणी चाखली, वर तोंड करून विचार केला. "याच्यात वरण होईन. विहिरीच्यात कडू होईन."

सर हसायला लागले. डोळे पुसत हसत होते. "फरक हाये," ते मला म्हणाले. "बराबर हाये तुह्यं. फरक हाये." विहिरीचं पाणी मात्र त्यांनी मोरीत टाकू दिलं नाही. माह्या गावचं हाये, म्हणाले, आणि आपल्या खाटेखाली ठेवलं.

गोगलगाय बरणीतच राहिली, आणि ते दिवस त्या घरात फार हळू गेले. सकाळी सर बरणी ओसरीच्या कडेला कोवळ्या उन्हात ठेवायचे, ऊन तापलं की सावलीत घ्यायचे. स्वतः समोर मांडी घालून बसायचे. जेवायला बोलावलं की म्हणायचे, "हिचं होऊ द्या." उजवा रकाना एकेका ओळीने भरत होता. पान नाही, पण पानासारखी. सावली पडली की मिटते. वास, पाण्याचा.

मधेच एक अडचण आली. मूळ, अमरवेलीला नाही. आणि हिलाही नाही. फरकाच्या फळ्यावर हे लिहायचं कुठे? सरांनी खूप विचार केला आणि खाली वाकून ओसरीच्या फरशीवर लिहिलं, 'दोघींलेही मूळ नाही.' तेव्हापासून सारखेपणा फरशीवर. दोघीही दुसऱ्याच्या रसावर. दोघीही उघड्या. जिजी सकाळी झाडू मारायची तेव्हा सारखेपणा पुसला जायचा, सर परत नवा लिहायचे. एका सकाळी मी झाडायला गेलो तर फरशीवर लिहिलेलं होतं, 'दोघींलेही कोणी बोलावलं नव्हतं.'

मी झाडू न मारता वर गेलो.

त्याच दुपारी सर म्हणाले, "पाणी कमी होऊन राहिलं तिचं. बस झालं आता. जिथलं तिथं नेऊन सोडलं पायजे. आजच्या गाडीनं जाजो." फळ्यावर अजून एक ओळ बाकी होती. डावीकडे लिहिलं होतं, शेवट: कुंपणासोबत वाळते, बी राहते. उजवीकडे कोरं. "ते राहू दे कोरं," सर म्हणाले. "तिचा शेवट मले पाह्याचा नाही."

मला सगळं कळलं असं मला वाटलं. मोठी माणसं तोंडावर जा म्हणत नाहीत. मी माझी पेटी भरली. कपडे, माझा मासे कापायचा कोयता, आईने दिलेली आमसुलं. खोली झाडून काढली, चटई गुंडाळून उभी केली. कसे आभार मानायचे याची वाक्यं जिन्यावर जुळवत उतरलो. एका हातात पेटी, दुसऱ्यात बरणी.

फाटकाशी दोघं उभी होती. सरांनी पेटीकडे पाहिलं.

"हे कायले?"

"सर, तुम्ही म्हणालात ना, जिथलं तिथं..."

"गोगलगायीले म्हणलं म्या."

जुळवलेली सगळी वाक्यं जिन्यावरच राहिली होती. जिजीने माझ्या हातातली पेटी घेतली, सरळ नेऊन जिन्याच्या पायरीवर ठेवली आणि परत आली.

"नीट आइक कोकण्या," ती म्हणाली. "बाजारात कैऱ्या आल्या की मी कोणासाठी थांबत नाही. त्याच्या आधी माही बरणी पायजे. कोणाजवळ धाडू नको, फोडून ठेवतीन. तू सोता घेऊन येजो."

"हो जिजी."

"अन् धुऊन आणजो."

खळगा तोच सापडला की नाही, सांगता येणार नाही. सगळे सारखेच दिसत होते. मी बरणी आडवी धरली, ती शेवाळावर उतरली आणि दुसऱ्या क्षणी मला पान कुठलं आणि ती कुठली हे ओळखता आलं नाही. आई लांब खडकावर टकटक करत होती.

कैऱ्या यायच्या आत मी बरणी पोचवली. आंगणातल्या नळाखाली आंघोळ केली, मगच जिना चढलो. माझी पेटी वर नेऊन ठेवलेली होती, चटई पसरलेली होती. जिजीने बरणी नाकाशी धरली, परत घासली, उन्हात उपडी घातली आणि त्यात लोणचं भरलं. मुरल्यावर पहिल्यांदा वाढलं तेव्हा आम्ही तिघं ओसरीवर बसलो होतो, फळ्याखाली. सरांनी फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटले.

"फरक हाये," ते म्हणाले.

"काही फरक नाही," जिजी म्हणाली. "मीठ दरवर्षीचंच हाये."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी चाखलं. परीक्षेत पोरांच्या उत्तराचीही त्यांनी इतकी वाट पाहिली नसेल.

"आहे," मी म्हणालो.

त्यांनी ताट पुढे केलं आणि जिजीकडे आणखी एक फोड मागितली.